चिन्हांचा करार: भौतिकशास्त्रात आणि गणितात अधिक-उणे कसे सांभाळावे

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एकाच वर्षात, कधी एकाच आठवड्यात, एकाच नियमाची दोन रूपे फळ्यावर दिसतात. भौतिकशास्त्राच्या तासाला उष्मागतिकीचा पहिला नियम ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता − कार्य’ असा लिहिला जातो आणि रसायनशास्त्राच्या तासाला तोच नियम ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता + कार्य’ असा येतो. दोन्ही शिक्षक बरोबर असतात, पण ते बरोबर का आहेत हे बहुधा कोणी सांगत नाही, आणि विद्यार्थी दोन्ही सूत्रे वेगवेगळ्या वह्यांत पाठ करून मोकळा होतो.

भौतिकशास्त्रातले ‘कार्य’ म्हणजे वायूने बाहेरच्या जगावर केलेले कार्य, आणि रसायनशास्त्रातले ‘कार्य’ म्हणजे बाहेरच्या जगाने वायूवर केलेले कार्य. समजा, वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि प्रसरण पावताना त्याने दट्ट्या ढकलून २०० ज्यूल कार्य केले. भौतिकशास्त्राच्या वहीत कार्य +२०० आहे, म्हणून ५०० − २०० = ३००. रसायनशास्त्राच्या वहीत कार्य −२०० आहे, म्हणून ५०० + (−२००) = ३००. आंतरिक ऊर्जा दोन्हीकडे ३०० ज्यूलनेच वाढली. गोंधळ होतो तो एका वहीतले सूत्र आणि दुसऱ्या वहीतली संख्या एकत्र केली की: ५०० − (−२००) = ७००. या ७०० मध्ये बेरीज-वजाबाकीची चूक कुठेही नाही, आणि म्हणूनच ती चूक शोधणे अवघड जाते.

हा भेद निर्माण होण्यामागे कारणही आहे. क्लाउझियस यांनी १८५० साली हा नियम मांडला तेव्हा वाफेचे इंजिन डोळ्यांसमोर होते, आणि इंजिनातून कार्य किती बाहेर पडते हाच प्रश्न होता. रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष चंबूतल्या द्रव्यावर असते, त्यामुळे आत येणारे सगळे धन आणि बाहेर जाणारे सगळे ऋण ही मांडणी त्याला सोयीची वाटते. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही हीच आहे. निसर्गाला या दोहोंचे सोयरसुतक नाही. चिन्हसंकेत हा निसर्गाचा नियम नसून लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याशी केलेला करार असतो, आणि बहुतेक चुका करार न वाचता सही केल्यामुळे होतात. तो करार कसा लिहावा, कसा पाळावा आणि दुसऱ्याने केलेला असेल तर कसा ओळखावा, याची पद्धत पुढे पायरीपायरीने दिली आहे.

पहिली पायरी: आकडे हाती घेण्याआधी करार कागदावर लिहा

कोणतेही गणित सुरू करताना तीन गोष्टी आकृतीवरच लिहाव्यात: मूळबिंदू कुठे, धन दिशा कोणती, आणि वेळ मोजायला कधी सुरुवात केली. ‘वरची दिशा धन’ हे मनात ठरवून चालत नाही, कारण चौथ्या ओळीवर पोचेपर्यंत मन बदललेले असते. एक बाण आणि त्याच्या टोकाशी एक अधिक चिन्ह एवढे पुरते.

उदाहरण म्हणून २५ मीटर उंचीच्या गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल, हे काढू. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. मूळबिंदू गच्चीवर, वरची दिशा धन, आणि चेंडू हातातून सुटला तो क्षण शून्य. या करारानुसार सुरुवातीचा वेग +२०, त्वरण −१० आणि जमिनीपर्यंतचे विस्थापन −२५. ‘विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + १/२ × त्वरण × वेळ²’ या सूत्रात वेळेसाठी ‘ट’ हे अक्षर घेतले तर −२५ = २०ट − ५ट², म्हणजेच ट² − ४ट − ५ = ०, आणि ट = ५ किंवा ट = −१.

चेंडू आधी वर जातो आणि मग खाली येतो, म्हणून अनेक जण हे गणित दोन तुकड्यांत सोडवतात आणि दुसऱ्या तुकड्यात धन दिशा गुपचूप खालची करतात. तसे करण्याची गरज नाही. करार एकदा नीट झाला की वर जाणे, क्षणभर थांबणे आणि खाली येणे हे सगळे एकाच समीकरणात बसते. खालची दिशा धन धरायची असेल तर पहिल्यापासून धरावी: २५ = −२०ट + ५ट², म्हणजे पुन्हा तेच समीकरण.

ट = −१ हे उत्तरही खोडण्याआधी वाचून पाहावे. चेंडू जणू जमिनीवरूनच उडवला असता आणि गच्चीपाशी येताना त्याचा वेग नेमका २० राहिला असता, तर तो जमिनीवरून एक सेकंद आधी सुटला असता, आणि तेव्हा त्याचा वेग २० + १० = ३० असता. जमिनीवर आदळतानाचा वेग २० − ५० = −३०. दोन्ही परिमाणे जुळतात, म्हणजे आपले समीकरण ठीक आहे. ऋण उत्तर प्रत्येक वेळी निरर्थक असते असे नाही. पुष्कळदा ते न विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असते.

दुसरी पायरी: अक्षराची जात ओळखा

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सूत्रांत दोन जातींची अक्षरे असतात. पहिल्या जातीचे अक्षर आपले चिन्ह स्वतःच्या पोटात बाळगते. वेग, त्वरण, विस्थापन ही अक्षरे अशी आहेत आणि त्यांची किंमत धन, ऋण किंवा शून्य असू शकते. दुसऱ्या जातीचे अक्षर केवळ परिमाण दाखवते, म्हणजे ते नेहमी धनच असते आणि दिशेचे चिन्ह त्याच्या बाहेर, सूत्रात लिहिलेले असते. गुरुत्वत्वरणाचे इंग्रजी अक्षर ‘जी’ हे या दुसऱ्या जातीचे आहे. त्याची किंमत ९.८ असते, −९.८ कधीच नसते. वरची दिशा धन असेल तर त्वरण हे ‘उणे जी’ असते.

ज्याने सूत्र ‘यूटी − १/२ जीटी²’ (यू म्हणजे सुरुवातीचा वेग, टी म्हणजे वेळ) असे पाठ केले आणि मग गुरुत्वाकर्षण खाली ओढते म्हणून जीच्या जागी −१० घातले, त्याने एकाच गोष्टीसाठी दोनदा ऋण चिन्ह लावले आणि चेंडू आकाशात पाठवला. म्हणून नियम असा ठेवावा की चिन्ह एक तर सूत्रात असेल किंवा संख्येत असेल, दोन्हीकडे कधीही नसेल.

इलेक्ट्रॉनच्या प्रभाराबाबत याच कारणाने पिढ्यानपिढ्या गोंधळ चालू आहे. बहुतेक पुस्तकांत ‘ई’ हे अक्षर सुमारे १.६ × १०⁻¹⁹ कूलोम हे परिमाण दाखवते आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार ‘उणे ई’ असतो, पण काही लेखक ‘ई’ हाच इलेक्ट्रॉनचा प्रभार मानतात आणि तो ऋण असतो. सूत्र उतरवून घेताना प्रत्येक अक्षरासमोर ‘चिन्हासह’ किंवा ‘फक्त परिमाण’ असे लिहून ठेवण्याची सवय एका महिन्यात लागते आणि जन्मभर उपयोगी पडते.

याच्याच पोटातली एक सूचना अशी की अक्षरासमोर ऋण चिन्ह दिसले म्हणून ती राशी ऋण समजू नये. अक्षराची किंमत −३ असेल तर ‘उणे अक्षर’ म्हणजे +३. त्याच कारणाने वर्गाचे वर्गमूळ काढताना मूळ अक्षर मिळत नाही, त्याचे निरपेक्ष मूल्य मिळते.

तिसरी पायरी: सूत्र कोणत्या करारातले आहे ते पाहा

दहावीच्या भिंगांच्या आणि आरशांच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर येतो. आपल्याकडे शिकवला जातो तो कार्टेशियन चिन्हसंकेत. भिंगाचे प्रकाशीय केंद्र किंवा आरशाचा ध्रुव हा मूळबिंदू, वस्तू नेहमी डावीकडे, मूळबिंदूच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण, आणि मुख्य अक्षाच्या वरची उंची धन. थोडक्यात, आलेखाच्या कागदावर जे चालते तेच इथे चालते.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर आहे आणि वस्तू ३० सेंटिमीटरवर ठेवली आहे. भिंगाचे सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ, ज्यात यू म्हणजे वस्तूचे अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचे अंतर आणि एफ म्हणजे नाभीय अंतर. येथे यू = −३० आणि एफ = +२०. म्हणून १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, म्हणजे व्ही = +६०. विशालन म्हणजे व्ही भागिले यू, म्हणून −२. प्रतिमा दुप्पट मोठी, उलटी आणि भिंगाच्या पलीकडे, म्हणजे वास्तव.

आता त्याच अंतरावर त्याच नाभीय अंतराचा अंतर्वक्र आरसा ठेवा. आरशाचे सूत्र १/व्ही + १/यू = १/एफ आहे, एफ = −२० आहे, आणि विशालन म्हणजे उणे व्ही भागिले यू. १/व्ही = −१/२० + १/३० = −१/६०, म्हणून व्ही = −६०. विशालन −(−६०)/(−३०) = −२. प्रतिमा पुन्हा दुप्पट, उलटी आणि वास्तव, पण या वेळी तिचे अंतर ऋण, कारण आरसा प्रकाश परत डावीकडे पाठवतो. ‘वास्तव प्रतिमेचे अंतर धन’ असे जे विद्यार्थी पाठ करतात, त्यांची फसगत इथे होते. भिंगासाठी ते खरे आहे, आरशासाठी नाही.

परंतु हेच वाक्य दुसऱ्या एका कराराचा पाया आहे. ‘वास्तव ते धन’ या संकेतात वस्तूचे अंतर धन, वास्तव प्रतिमेचे अंतर धन आणि आभासी प्रतिमेचे ऋण मानतात, आणि भिंग असो वा आरसा, दोहोंसाठी १/यू + १/व्ही = १/एफ हे एकच सूत्र वापरतात. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयीन पुस्तकांत आजही याच जातीचा संकेत आढळतो. वरच्या भिंगासाठी तो वापरला तर १/३० + १/व्ही = १/२०, म्हणजे व्ही = ६०. उत्तर तेच.

एका करारातून दुसऱ्यात जायचे असेल तर सूत्र नव्याने पाठ करण्याची गरज नसते. भिंगाच्या बाबतीत कार्टेशियन यूच्या जागी ‘उणे यू’ ठेवा आणि बाकी दोन अक्षरे तशीच ठेवा, की दुसरे सूत्र आपोआप मिळते. आरशाच्या बाबतीत तिन्ही अक्षरांची चिन्हे बदला आणि दोन्ही बाजूंना −१ ने गुणा. असे रूपांतर स्वतः एकदा लिहून काढले की दोन पुस्तकांतला विरोध नाहीसा होतो. परीक्षेसाठी मात्र एकच संकेत निवडावा आणि तो आपल्या मंडळाच्या पुस्तकातलाच असावा.

चौथी पायरी: दिशा गृहीत धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका

विद्युत परिपथात प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो हे आधी ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसते. किर्चहॉफ यांनी १८४५ साली मांडलेल्या नियमांचे सौंदर्यच हे आहे की दिशा चुकीची धरली तरी उत्तर बरोबर येते, फक्त ऋण चिन्हासह येते. परिपथात फिरण्याची दिशा ठरवा. घटाच्या ऋण टोकाकडून धन टोकाकडे गेलात तर विभव वाढतो, म्हणून अधिक. रोधातून धरलेल्या प्रवाहाच्या दिशेने गेलात तर विभव घटतो, म्हणून उणे. समजा, १२ व्होल्ट आणि ६ व्होल्टचे दोन घट एकमेकांविरुद्ध जोडले आहेत आणि एकूण रोध ३ ओहम आहे. प्रवाह १२ व्होल्टचा घट ढकलतो त्या दिशेने धरला तर १२ − ६ − ३ × प्रवाह = ०, म्हणून प्रवाह +२ अँपिअर. उलट धरला तर −२. हे ऋण चिन्ह पाहून आकृतीतला बाण खोडून उलटा काढण्याचा मोह आवरावा, कारण बाण बदलला आणि समीकरणे जुनीच राहिली तर पुढचे सर्व चुकते. बाण तसाच ठेवून उत्तराखाली ‘धरलेल्या दिशेच्या विरुद्ध’ असे एक वाक्य लिहावे.

प्रवाहाची दिशा आणि इलेक्ट्रॉनांची दिशा एकमेकींच्या उलट का, हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास प्रभारांना धन आणि ऋण ही नावे दिली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीत नव्हता. जे. जे. थॉमसन यांनी तो ओळखला १८९७ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, आणि फ्रँकलिन यांच्या संकेतानुसार त्याचा प्रभार ऋण ठरला. तोपर्यंत नियम, पुस्तके आणि उपकरणे जुन्या करारावर उभी राहिली होती. करार बदलण्यापेक्षा तो पाळणे स्वस्त पडले.

प्रवर्तित विद्युतचालक बलाच्या सूत्रातले ऋण चिन्हही असेच स्वतंत्रपणे निरर्थक आहे. आधी वेटोळ्यातून फिरण्याची दिशा ठरवावी लागते, मग उजव्या हाताची बोटे त्या दिशेने वळवून अंगठा दाखवेल ती पृष्ठभागाची धन बाजू मानावी लागते, आणि त्यानंतरच त्या ऋण चिन्हाला काही सांगता येते. एवढा खटाटोप नको असेल तर परिमाण सूत्राने काढावे आणि दिशा लेंझच्या नियमाने (प्रवर्तित प्रवाह आपल्या कारणाला विरोध करतो) शब्दांत ठरवावी. तो मार्ग पूर्णपणे सन्माननीय आहे.

पाचवी पायरी: खूण ओळखीची वाटली तरी अर्थ विचारा

अंकावर किंवा अक्षरावर काढलेले एक टिंब घ्या. आवर्ती दशांश अपूर्णांकात अंकावरचे टिंब म्हणजे तो अंक पुनःपुन्हा येतो. न्यूटनच्या पद्धतीत अक्षरावरचे टिंब म्हणजे त्या राशीचा वेळेनुसार बदलण्याचा दर. आणि भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, संख्येवरचे टिंब म्हणजे ती संख्या ऋण. त्याहून गमतीची गोष्ट बख्शाली हस्तलिखिताची. पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या या हस्तलिखितात ऋण संख्या दाखवायला संख्येपुढे जी खूण केली आहे ती हुबेहूब आजच्या अधिक चिन्हासारखी दिसते. धन आणि ऋण हे शब्द मात्र ब्रह्मगुप्ताने ६२८ साली नियम सांगताना वापरले ते आजही आपण जसेच्या तसे वापरतो, आणि संपत्ती व कर्ज हा त्यांचा अर्थ चिन्हांचे गणित शिकवायला अजूनही पुरेसा आहे.

आजच्या पुस्तकांतले सापळे याहून साधे दिसतात. साइनवरचा −१ हा घातांक व्यस्त फलन दाखवतो, पण त्याच जागी २ असेल तर तो वर्ग असतो. ‘लॉग’ हे गणिताच्या संशोधनात बहुधा नैसर्गिक पाया गृहीत धरते, अभियांत्रिकीच्या कोष्टकात १० हा पाया, आणि संगणकशास्त्रात बऱ्याचदा २. गोलीय निर्देशकांत भौतिकशास्त्रज्ञ उभ्या अक्षापासूनच्या कोनाला थीटा आणि अक्षाभोवतीच्या कोनाला फाय म्हणतात, तर अमेरिकेतली कलनाची अनेक पुस्तके नेमके उलट करतात. येथे अक्षराकडे न पाहता कोनाच्या व्याप्तीकडे पाहावे. जो कोन ० ते १८० अंश फिरतो तो अक्षापासून मोजलेला, आणि क्षेत्रफळाच्या सूत्रात साइन त्याचाच येतो. भूगोलातला अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात, म्हणून त्याच्यासाठी साइनच्या जागी कोसाइन येतो: मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश, तर अक्षापासूनचा कोन सुमारे ७१ अंश.

सहावी पायरी: दुसऱ्याचा करार चाचणी घेऊन ओळखा

पदव्युत्तर अभ्यासात संकेत लिहून दिलेला असतोच असे नाही. अशा वेळी ज्याचे उत्तर निःसंशय माहीत आहे असे एक उदाहरण घेऊन लेखकाच्या सूत्रात घालावे. तरंगांचे संमिश्र रूप हे त्याचे उत्तम क्षेत्र आहे. भौतिकशास्त्रज्ञ पुढे जाणाऱ्या तरंगाच्या घातांकात वेळेसमोर बहुधा ऋण चिन्ह ठेवतात, विद्युत अभियंते धन ठेवतात, आणि ‘आय’ हे अक्षर प्रवाहासाठी लागत असल्याने −१ च्या वर्गमुळाला ‘जे’ म्हणतात. परिणामी एकाच वेटोळ्याचा प्रतिबाधा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) एका पुस्तकात +जे गुणिले काही असतो आणि दुसऱ्यात −आय गुणिले तेच काही. शोषक माध्यमाचा संमिश्र अपवर्तनांक भौतिकशास्त्रज्ञांच्या संकेतात धन काल्पनिक भागाचा असावा लागतो, अभियंत्यांच्या संकेतात ऋण. एका संकेतातला तरंग आणि दुसऱ्यातला अपवर्तनांक एकत्र केला तर प्रकाश शोषणारी काच प्रकाश वाढवू लागते. म्हणून चाचणी अशी: लेखकाचा तरंग लिहा, त्याचाच अपवर्तनांक घाला, अंतर वाढवत न्या आणि तरंग विरतो का ते पाहा.

फूरिये रूपांतरासाठी दोन चाचण्या पुरतात. फलनाच्या अवकलजाचे रूपांतर ‘आय गुणिले वारंवारिता’ ने गुणले जाते की ‘उणे आय’ ने, यावरून घातांकाचे चिन्ह कळते. उलट रूपांतरासमोर २ पाय कुठे आहे, किंवा मुळीच नाही, यावरून उरलेला करार कळतो. सापेक्षतेच्या पुस्तकात वस्तुमान असलेल्या कणाच्या संवेगाचा चतुर्मितीय वर्ग धन येतो का ऋण, एवढे पाहिले की लेखक काळाला अधिक मानतो की अवकाशाला, हे स्पष्ट होते. कणभौतिकीत पहिला संकेत जास्त दिसतो, गुरुत्वाकर्षणावरच्या लेखनात दुसरा. चाचणीचे उत्तर पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. ग्रंथालयाचे पुस्तक असेल तर वहीत.

शेवटची पायरी: ताळा

लहानपणी भागाकाराचा ताळा करत असू, तसाच चिन्हांचाही करावा. सर्वांत खात्रीचा ताळा म्हणजे धन दिशा मुद्दाम उलटी धरून तेच गणित पुन्हा सोडवणे. निर्देशकांची, वेगांची, प्रवाहांची चिन्हे उलटतील. पण चेंडू पडायला लागलेला वेळ, प्रतिमेचा आकार, रोधात निर्माण झालेली उष्णता यांतले काहीही बदलता कामा नये. बदलले, तर कुठेतरी ऋण चिन्ह दोनदा लागले आहे किंवा एकदाही लागलेले नाही. तेवढा वेळ नसेल तर टोकाची उदाहरणे घ्यावीत. वस्तू फार दूर नेली की प्रतिमा नाभीवर यायला हवी. दोन्ही घट सारखे असले की विरुद्ध जोडलेल्या परिपथात प्रवाह शून्य यायला हवा. गच्चीची उंची शून्य केली की चेंडू वर जायला आणि परत यायला सारखाच वेळ लागायला हवा: वरच्या समीकरणात −२५ च्या जागी ० घातले तर ट = ० किंवा ट = ४ मिळते, आणि दोन सेकंदांनी वेग २० − २० = ० होतो.